अर्धी साक्ष



नाताळला तीन दिवस होतात न होतात तोच, 28 डिसेंबरला, ख्रिस्तसभा निष्पाप बालकांचा सण पाळते. घरात गव्हाणीची आरास अजून तशीच असते, करंज्यांचा डबा अर्धा भरलेला असतो, पोरे नव्या कपड्यांत असतात. आणि वेदीवर मात्र बेथलेहेमच्या त्या लेकरांची आठवण होते, ज्यांना हेरोदाच्या शिपायांनी मारले. दोन वर्षांची आणि त्याहून लहान. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

दरवर्षी या दिवशी आम्ही दोघे पतिपत्नी मिळून इथे काहीतरी चिंतन लिहितो. यंदाचे लिखाण चिंतन कमी आणि कबुली जास्त आहे. सतरा वर्षांपूर्वी आम्ही मंडळीपुढे उभे राहून एक साक्ष दिली होती. ती खोटी नव्हती, पण अर्धी होती. त्या अर्ध्या साक्षीने काय केले ते आम्हांला या पावसाळ्यानंतर कळले, म्हणून उरलेली अर्धी आज देतो आहोत.

आमच्या उज्जैनच्या धर्मग्रामात मिस्सा हिंदीत होते. मराठी घरे मोजकी. कोणी पिढ्यान्‌पिढ्या माळव्यातले, कोणी नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेले. महिन्यातून एका रविवारी आम्ही कोणाच्या तरी घरी जमून मराठीत प्रार्थना करतो. अशाच एका घरी ऑक्टोबरात गेलो होतो. घरात नवे बाळ, साडेतीन महिन्यांचे. मुलगा देवासच्या कारखान्यात कामाला, सून घरी, आणि घराचा कारभार आजींच्या हातात. प्रार्थना झाली, चहा झाला, तेव्हा सून हळूच म्हणाली, "बाळाच्या दुसऱ्या सुया राहिल्यात. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आला, मांडी सुजली, रात्रभर रडला. आशाताई दोनदा येऊन गेल्या. आई म्हणतात, आता नको."

आजी तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "माझी पाच लेकरं देवानं वाढवली. कुठं होत्या एवढ्या सुया?" मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्हीच साक्ष दिली होती ना? डॉक्टरांनी हात टेकले, आणि प्रार्थनेनं तुमची पोर उठली. मी होते तिथं. मी रडले होते. तुमच्या पोरीला देवानं वाचवलं, तो माझ्या नातवाला नाही वाचवणार?"

आम्ही काय बोलणार? आमचेच शब्द आमच्यासमोर ठेवले गेले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "पुढच्या आठवड्यात येतो, आजी," एवढेच म्हणून उठलो. घरी येईपर्यंत स्कूटरवर कोणी बोलले नाही.

आता ती गोष्ट सांगतो.

आमची थोरली 2008 सालच्या फेब्रुवारीत झाली. त्या वेळी बाळाच्या टीकाकरणाच्या कार्डावर (आमच्याकडे सगळे टीकाच म्हणतात) सरकारी लसी होत्या: जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब, घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वाताची त्रिगुणी, नवव्या महिन्यात गोवराची. त्या सगळ्या आम्ही वेळेवर दिल्या. पण आम्ही ज्या बालरोगतज्ज्ञांकडे जात होतो, त्यांनी कार्डावर खाली आणखी दोन ओळी लिहून पुढे फुली मारली होती. एक हिबची, दुसरी न्यूमोकॉकसची. म्हणाले, "या सरकारी दवाखान्यात मिळत नाहीत. विकत घ्याव्या लागतील. घेतल्या तर बरे."

किंमत विचारली. न्यूमोकॉकसच्या एका सुईला आमच्या पगाराचा मोठा हिस्सा जाणार होता, आणि अशा सुया तीन-चार. आम्ही विचार करतो म्हणालो. घरी येऊन हिशेब केला, मग म्हटले, देव आहे. खरे सांगायचे तर आम्ही त्यावर प्रार्थनासुद्धा केली नाही. पैसे नव्हते हे कारण खरे होते, पण कुणाकडे मागायची लाज वाटली हेही खरे होते, आणि त्या लाजेला आम्ही विश्वास असे नाव दिले.

नोव्हेंबरात तिला ताप आला. दात येत असतील म्हणून एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी ती अंगावर पिईना, ओकली, आणि रडणे वेगळेच झाले, बारीक आणि चिरके. उचलून घेतले की मुले शांत होतात. ती उचलले की जास्त रडे. संध्याकाळी टाळूवर हात ठेवला तर ती फुगून घट्ट झालेली. रात्री झटका आला. गाडी करून इंदूरला नेले. पंचावन्न किलोमीटरचा तो रस्ता आम्हांला आजही झोपेत दिसतो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या आवरणाला सूज असावी, पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावे लागेल. आमच्याबरोबर आलेल्या नातेवाइकांनी सांगितले, पाठीतून पाणी काढले की मूल लुळे पडते, सही करू नका. आम्ही तासभर सही केली नाही. तो तासही आमच्या हिशेबात आहे. (बंधुभगिनींनो, मूल लुळे पडते ही समजूत चुकीची आहे. त्या तपासणीनेच कळते की कोणता जंतू आहे आणि कोणते औषध द्यायचे.) शेवटी सही केली. न्यूमोकॉकस निघाला.

अकरा दिवस ती मृत्यूच्या दारात होती. इकडे उज्जैनात मंडळी जपमाळ म्हणत होती, रात्रीच्या पाळ्या लावून. बाराव्या दिवशी तिने डोळे उघडले आणि ओठ चोखले. परिचारिका धावत सांगायला आल्या. देवाची स्तुती असो, तेव्हाही आणि आताही. त्या अकरा दिवसांत प्रभू आमच्याबरोबर होता, याविषयी आमच्या मनात तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही.

नाताळात गाणारी मुले आमच्या दारी आली. ढोलक, डफ, दारातच जोरदार गाणे. ती पाळण्यात झोपली होती. हलली नाही. पापणीसुद्धा नाही. आम्ही दोघांनी एकाच वेळी पाळण्याकडे पाहिले, आणि मुलांना खाऊ देताना हात थरथरला. जानेवारीत तपासणी झाली. दोन्ही कान गेले होते. या आजारातून वाचलेल्या मुलांत असे होते, आणि न्यूमोकॉकसने झालेल्या आजारात अधिक होते, हे आम्हांला त्या दिवशी समजले.

2009 च्या ईस्टरनंतर आम्ही साक्ष दिली. ताप, इंदूर, अकरा दिवस, जपमाळ, उघडलेले डोळे. कानांचे सांगितले, तेही "प्रभूची इच्छा" म्हणून सांगितले. कार्डावरच्या त्या दोन फुल्यांविषयी मात्र एक शब्द काढला नाही. मंडळी रडली. आजीही रडल्या. आणि सतरा वर्षे त्या साक्षीचा अर्थ त्यांच्या मनात असा राहिला की सुईची गरज नाही, प्रार्थना पुरे.

ती फुली मारलेली सुई घेतली असती तर हे नक्कीच टळले असते, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण टळण्याची शक्यता मोठी होती. ते आम्हांला माहीत होते, आणि आम्ही ते देवाच्या इच्छेखाली झाकून ठेवले.

पुढच्या आठवड्यात आजींकडे जायचे म्हणून आम्ही थोडे वाचले, आणि दवाखान्यात काम करणाऱ्या आमच्या एका सिस्टरना गाठून विचारून घेतले. आम्ही कलाशाखेची माणसे. विज्ञान आम्हांला कुणी सोपे करून सांगावे लागते. सिस्टरनी सांगितले ते असे.

हिब आणि न्यूमोकॉकस हे जंतू काही दूरच्या रानातून येत नाहीत. ते धडधाकट मुलांच्या नाकाघशातच राहतात. आपल्याच उज्जैनचे उदाहरण घ्या. आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी इथल्या पाच वर्षांखालच्या पंधराशेहून अधिक निरोगी मुलांच्या नाकातले नमुने तपासले होते; तो अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. शोध वेगळ्या जंतूचा होता, स्टॅफिलोकॉकसचा, पण शंभरातल्या साधारण सहा मुलांच्या नाकात तो सापडला. मुले खेळत होती, हसत होती. जंतू असा शेजाऱ्यासारखा राहतो. बहुतेक वेळा काही करत नाही. पण एखाद्या बाळाच्या बाबतीत तो नाकातून रक्तात उतरतो, आणि मग फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणात गेला तर मेनिंजायटिस.

या जंतूंच्या अंगावर साखरेच्या रेणूंचे एक आवरण असते. मोठ्यांचे शरीर ते आवरण ओळखून लढायला उठते. दोन वर्षांखालच्या बाळाच्या शरीराला मात्र ते नीट ओळखता येत नाही. चोर साधूच्या वेषात दारात उभा आहे आणि बाळ त्याला आत घेते, असे समजा. म्हणून साध्या आवरणापासून बनवलेल्या जुन्या लसी तान्ह्या मुलांना उपयोगी पडत नव्हत्या. मग शास्त्रज्ञांनी युक्ती केली. साखरेचे ते आवरण त्यांनी एका प्रथिनाला जोडले. असे प्रथिन की जे बाळाचे शरीर लगेच ओळखते, जसे धनुर्वात किंवा घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाचे. ओळखीच्या चोराबरोबर हातकडीत बांधलेला अनोळखी चोरही मग ध्यानात राहतो. दोन महिन्यांच्या बाळांना देण्याजोगी हिबची अशी लस अमेरिकेत 1990 साली आली. त्याआधी तिथे दरवर्षी सुमारे वीस हजार मुलांना हिबचा गंभीर आजार होई. लस आल्यावर काही वर्षांत तो जवळजवळ नाहीसा झाला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हिबचा मेनिंजायटिस क्वचितच पाहिलेला असतो.

आपल्याकडे हे सगळे उशिरा आले, पण आले. हिबचा समावेश असलेली पाच रोगांवरची पेंटाव्हॅलेंट लस सरकारी कार्यक्रमात डिसेंबर 2011 मध्ये केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत देशभर पोचली. न्यूमोकॉकसची लस मे 2017 मध्ये हिमाचल प्रदेशात सुरू झाली, आपल्या मध्य प्रदेशात 2018 साली आली, आणि 2021 मध्ये सगळ्या देशात देण्याचे ठरले. 2020 च्या डिसेंबरात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपल्या देशात बनवलेली न्यूमोकॉकसची लस बाजारात आणली. आम्ही ज्या सुईसाठी पगाराचा हिशेब मांडत बसलो होतो, ती आज अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पेंटाव्हॅलेंट सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. न्यूमोकॉकसची सहा आणि चौदा आठवड्यांना, आणि मग नऊ महिने झाल्यावर एक.

सिस्टर एवढे सांगून थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही जाल तेव्हा तापाचे खरे सांगा. ताप येत नाही असे म्हणू नका." म्हणून तेही लिहितो. पेंटाव्हॅलेंटनंतर पुष्कळ बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, सुई टोचलेली जागा दुखते, सुजते. शरीर धडा गिरवते आहे, त्याची ती खूण. सुई दिल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचे. तापाचे औषध सिस्टर सांगतील तेवढेच द्यायचे. दूध चालू ठेवायचे. टोचलेल्या जागी काही चोळायचे नाही. पण बाळ तीन तासांहून अधिक एकसारखे रडले, झटका आला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वासाला त्रास झाला, तर लगेच डॉक्टरकडे न्यायचे. आणि तारीख चुकली म्हणून सगळे बुडाले असे नाही. राहिलेल्या सुया तिथून पुढे घेता येतात, पुन्हा पहिल्यापासून सुरू कराव्या लागत नाहीत.

लस म्हणजे सगळ्यावरचा तोडगा, असेही नाही. न्यूमोकॉकसचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, आणि लस त्यांतल्या जास्त त्रास देणाऱ्या काहींवर चालते. न्यूमोनिया इतर जंतूंनीही होतो. म्हणून लस घेतलेल्या बाळाकडेही लक्ष हवे. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतचे बाळ शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा जास्त श्वास घेत असेल, श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याला दवाखान्यात न्यायचे. जुन्या बायका यालाच डबा म्हणत. आपल्या शेजारी झाबुआकडे आणि तिकडे मेळघाटात अशा बाळांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. त्या आयांना नावे ठेवू नका. बाळ गुदमरताना त्यांच्या हाताशी जे होते ते त्यांनी केले. आपल्या हाताशी मात्र आता याहून चांगले आहे.

पुढच्या रविवारी आम्ही आजींकडे गेलो. लेकीलाही बरोबर नेले. ती आता सतरा वर्षांची आहे, रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात लहानांना सांभाळते, आणि तिला पाहून ती पोरेही हातांनी बोलायला शिकली आहेत. ‘येशू’ म्हणायचे असेल तर ती एका बोटाने दुसऱ्या हाताच्या तळव्याला स्पर्श करते, खिळा होता तिथे. तिच्या बहिरेपणावर आम्ही आता रडत नाही. ती देवाची शिक्षा आहे असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला बसवून समजावतो. पण ती देवाची इच्छा होती असेही आम्ही यापुढे म्हणणार नाही.

आजींना आम्ही फुल्या मारलेले ते जुने कार्ड दाखवले. सगळे सांगितले. लाज वाटली, तरी सांगितले. आजी बराच वेळ कार्ड हातात धरून बसल्या. अक्षर त्यांना दिसत नव्हते, पण फुल्या दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही देवाची माणसं, आणि हे सतरा वर्षं पोटात ठेवलंत?" आम्ही हो म्हणालो.

मग त्या आमच्या लेकीकडे पाहत होत्या. ती बाळाला मांडीवर घेऊन बोटांनी खेळवत होती, आणि बाळ खिदळत होते. ते खिदळणे तिला ऐकू येत नव्हते, पण त्याच्या पोटावर हात ठेवून ती ते अनुभवत होती. आजी हळूच म्हणाल्या, "पाच वाढवली म्हणते ना मी? झाली होती सात. एक डांग्या खोकल्यानं गेली. एकाला डबा झाला होता, तो तीन महिन्यांचा होता." सुनेने वर पाहिले. तिने हे पहिल्यांदाच ऐकले होते. तिच्या नवऱ्यानेही. आजी म्हणाल्या, "गेलेल्यांची मोजदाद कोण ठेवतं? जगली ती सांगतो आपण."

बंधुभगिनींनो, त्या वाक्यापाशी आम्ही थांबलो. आजींची साक्षही अर्धी होती, आमच्यासारखीच. आणि आपल्या मंडळ्यांमध्ये दिल्या जाणाऱ्या किती साक्षी अशा असतील! बरे झालेल्यांची साक्ष आपण देतो, ती द्यावीच. पण जो आजार आलाच नाही, त्याची साक्ष द्यायला कोणी उठत नाही. ‘माझ्या बाळाला मेनिंजायटिस झाला नाही, देवाची स्तुती असो,’ असे आपण कधी ऐकले आहे का? ज्या घरात काहीच घडले नाही, त्या घरावर देवाने केवढा हात धरला होता, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता पुन्हा बेथलेहेमला येऊ. शुभवर्तमानात ती रात्र पाहा. देवाच्या पुत्राचा जीव धोक्यात आहे. देवाला काय अशक्य होते? स्वर्गातल्या सैन्याने नुकतेच मेंढपाळांसमोर गाणे गाइले होते. त्यांतला एक दूत हेरोदाच्या दारात उभा राहिला असता तरी पुरे होते. पण देवाने तसे केले नाही. त्याने एका सुताराला झोपेतून उठवले आणि सांगितले, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसरला जा. योसेफ त्याच रात्री निघाला. देव राखेल, सकाळ होऊ दे, असे तो म्हणाला नाही. प्रभू येशूचे रक्षण त्या रात्री योसेफाच्या पायांनी झाले. आणि योसेफाचा विश्वास लहान होता असे आपण कोणी म्हणू का?

सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन हेच सुचवले होते: उडी मार, दूत तुला झेलतील. प्रभूने नकार दिला. ज्या दूतांनी झेलले असते, तेच दूत योसेफाला उठवायला आले होते. त्याच देवाच्या काळजीने कोणाला बापाचे पाय दिले, कोणाला सुताराचे हात, कोणाला प्रयोगशाळेत रात्री जागण्याची बुद्धी, आणि आशाताईंना दोनदा दार वाजवण्याची चिकाटी.

पण मग बेथलेहेमची बाकीची लेकरे? हा प्रश्न आम्हांला सतरा वर्षे छळत आला. त्यांच्या आईबापांचा विश्वास कमी पडला म्हणून ती गेली का? शुभवर्तमान तसे कुठेच म्हणत नाही. त्यांना मारले हेरोदाने. त्यांच्या घरी कोणी सांगायला गेले नाही, एवढेच आम्हांला दिसते. योसेफाला निरोप मिळाला. शेजारच्या घरात कोणाला मिळाला नाही. देवाने तसे का केले, याचे उत्तर आमच्याजवळ नाही. पण आज आपल्या गल्लीत निरोप पोचवायचा आहे, आणि तो आपल्या हातात आहे, एवढे आम्हांला कळते. आम्हांला तो 2008 साली मिळाला होता, कार्डावर लिहून. आम्ही तो पाळला नाही, ही आमची पहिली चूक. दुसऱ्यांना सांगितला नाही, ही दुसरी. दुसरीच मोठी.

लस आपल्या एकट्या बाळासाठीही नसते, हे सिस्टरनी शेवटी सांगितले. या लसी घेतलेल्या मुलांच्या नाकाघशात त्या जंतूंना राहायला जागा कमी मिळते. म्हणजे आपले बाळ सुई घेते, तेव्हा शेजारचे वीस दिवसांचे बाळ, ज्याची सुईची वेळ अजून आलेली नाही, तेही थोडे सुरक्षित होते. आणि खोकणारे आजोबाही. शेजाऱ्यावर प्रीती करायला दीड महिन्याचे लेकरूही उपयोगी पडते.

आजींच्या नातवाने राहिलेल्या सुया घेतल्या. आजी स्वतः घेऊन गेल्या, जपमाळ पिशवीत ठेवून. ताप आला, एक रात्र. आजींनी ओल्या फडक्याने अंग पुसले, सिस्टरनी सांगितलेले औषध दिले, आणि पहाटेपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. नऊ महिन्यांची सुई अजून व्हायची आहे. ती तारीख त्यांनी आमच्याकडून कॅलेंडरवर लिहून घेतली आहे, मोठ्या अक्षरात, पुढे फुली मारून.

या सणाच्या आठवड्यात एवढे करा. आपल्या घरातल्या, भाड्याने राहणाऱ्यांच्या, कामाला येणाऱ्या ताईंच्या बाळाचे कार्ड विचारा. रागावू नका, शिकवू नका. काही राहिले असेल तर बरोबर जाऊन या. पैशाची अडचण सांगायला कोणाला लाज वाटत असेल, तर ती लाज आम्ही ओळखतो. आधी आमची गोष्ट त्यांना सांगा. आणि ज्यांचे लेकरू गेले आहे त्यांच्याकडेही जा. त्यांच्याशी सुईचे बोलू नका. नुसते बसा, आणि नाव विचारा.

प्रार्थना करू या:

हे प्रभू, तू स्वतः बाळ होऊन आमच्यात आलास, आणि तुला राखायला एका माणसाला रात्री उठावे लागले. आम्हांला तशी जाग दे. आम्ही भीतीने किंवा लाजेने जे झाकून ठेवले, ते उघड करण्याचे बळ दे. ज्यांच्यापर्यंत निरोप पोचला नाही, त्यांच्या दारी आम्हांला पाठव. बेथलेहेमच्या लेकरांना, आजींच्या दोन लेकरांना आणि ज्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही त्या सर्वांना तुझ्या कुशीत ठेव. आणि ज्या आजारांतून आम्ही कळत नकळत वाचलो, त्यांबद्दल तुझी स्तुती करायला आम्हांला शिकव.

आमेन.